जुनी झडप आतच राहते: टाव्हीनंतरच्या गुंतागुंती आणि त्यांवरचे उपचार

हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यातून शरीराकडे निघणारे सगळे रक्त महारोहिणीच्या झडपेतून जाते. उतारवयात या झडपेच्या पाकळ्यांवर कॅल्शियम साचत जाते, पाकळ्या ताठरतात, झडप पुरेशी उघडेनाशी होते आणि मग जिना चढताना दम लागणे, छातीत दुखणे, भोवळ येणे अशा तक्रारी सुरू होतात. साचलेले कॅल्शियम विरघळवणारे औषध नाही, त्यामुळे आजार तीव्र झाला की झडप बदलावीच लागते. ती उघड्या शस्त्रक्रियेने बदलताना छातीचे हाड कापले जाते, हृदयाचे काम काही काळ यंत्राकडे सोपवले जाते आणि सर्जन जुन्या पाकळ्या कापून, कॅल्शियम खरवडून, त्या जागी नवी झडप टाक्यांनी शिवतो. कॅथेटरने झडप बदलण्याच्या प्रक्रियेत, जिला आपल्याकडे सर्रास टाव्ही म्हणतात, यातले काहीच होत नाही. जांघेतल्या धमनीतून एक नळी वर नेली जाते, तिच्या टोकावर जाळीत बसवलेली आणि घट्ट दुमडलेली नवी झडप असते, आणि ती जुन्या झडपेच्या मधोमध उघडली जाते. जुन्या पाकळ्या कॅल्शियमसकट भिंतीकडे दाबल्या जातात आणि तिथेच राहतात.

टाव्हीनंतरच्या बहुतेक गुंतागुंतींचे मूळ या शेवटच्या वाक्यात आहे. जुनी चौकट न उखडता तिच्यातच नवी ठोकून बसवली की कुठेतरी फट राहणार आणि कुठेतरी भिंतीवर जादा दाब येणार, हे कोणताही सुतार सांगेल. हृदयात फट राहिली तर रक्त गळते. दाब नको तिथे आला तर हृदयाची वीजवाहिनी बंद पडते. दाबलेली पाकळी चुकीच्या जागी सरकली तर हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो. आणि जुन्या व नव्या पाकळ्यांमधल्या कोनाड्यात रक्त संथ झाले तर ते गोठते. म्हणून या गुंतागुंतींची सुटी सुटी यादी पाठ करण्यापेक्षा कोणती गोष्ट कशामुळे होते हे समजून घेतलेले बरे. उपचारही मग आपोआप समजतात.

डेन्मार्कचे हेनिंग रुड अँडरसन यांनी १९८९ साली अशी दुमडती झडप डुकरांमध्ये बसवून दाखवली. माणसात ती प्रथम बसवली फ्रान्समधल्या रुआँ शहरात आलँ क्रिबिए यांनी, १६ एप्रिल २००२ रोजी. रुग्ण ५७ वर्षांचा होता, त्याचे हृदय जवळजवळ निकामी झाले होते आणि त्याच्यावर शस्त्रक्रिया करणे शक्य नव्हते. झडपेने काम केले, पण तिच्या कडेने थोडी गळती तेव्हाही दिसली होती. पायाच्या रक्तपुरवठ्यातून उद्भवलेल्या गुंतागुंतीने तो रुग्ण सुमारे चार महिन्यांनी दगावला, तोवर झडप मात्र चालू होती. पुढे २०१० साली ‘पार्टनर’ चाचणीचे निष्कर्ष आले. शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या रुग्णांपैकी केवळ औषधे आणि फुग्याने झडप रुंद करणे यांवर राहिलेल्या गटात वर्षभरात सुमारे ५१ टक्के मृत्यू झाले, तर टाव्ही झालेल्या गटात सुमारे ३१ टक्के. २०१९ पर्यंत शस्त्रक्रियेचा धोका कमी असलेल्या, सत्तरीच्या आसपासच्या रुग्णांतही टाव्ही शस्त्रक्रियेच्या तोडीस तोड असल्याचे दिसले. यामुळे प्रश्नाचे स्वरूपच बदलले. नव्वदीच्या थकलेल्या रुग्णात थोडी गळती राहिली तरी चालवून घेता येते. सत्तरीतल्या, पुढे पंधरा वर्षे जगू पाहणाऱ्या माणसात तीच गळती हिशेबात धरावी लागते.

गळतीचाच विचार आधी करू, कारण तिच्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. नव्या झडपेची जाळी आणि मूळ झडप ज्यात बसलेली असते ते कडे यांच्यामध्ये रक्त मागे झिरपण्यास जागा राहिली की तिला झडपेबाहेरची गळती म्हणतात. याची कारणे साधारण तीन असतात: कॅल्शियमचा खडा मध्ये आल्याने जाळी त्या जागी भिंतीला टेकत नाही, झडप मापाने लहान निवडली जाते, किंवा ती नेमक्या पातळीच्या फार वर वा खाली उघडली जाते. मूळ कडे गोल नसून लंबगोल असते आणि गोल जाळी लंबगोल भोकात बसवायची असते, हीही मुळातलीच अडचण. म्हणून प्रक्रियेआधीचा सीटी स्कॅन हा केवळ सोपस्कार नसतो. कड्याचा परीघ आणि क्षेत्रफळ मोजून झडपेचे माप त्यावरूनच ठरते. मापांमधले अंतर जितके कमी, तितकी चपखल निवड शक्य होते. गुजरातेतल्या वापी येथील मेरिल कंपनीची ‘मायव्हाल’ ही झडप नेहमीच्या मापांच्या मधल्या मापांतही मिळते ती याचसाठी, आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लँडमार्क’ चाचणीत ती परदेशी झडपांहून कमी प्रतीची नसल्याचे दिसले.

झडप उघडल्यावर गळती किती आहे हे कॅथलॅबमध्येच, म्हणजे जिथे ही प्रक्रिया होते त्या खोलीतच, तपासतात. ॲन्जिओग्राफीतला रंग किती मागे येतो ते पाहिले जाते, इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला जातो, आणि एक साधे गणितही मांडता येते. महारोहिणीतला खालचा रक्तदाब घ्यायचा, त्यातून डाव्या कप्प्यातला विश्रांतीच्या शेवटचा दाब वजा करायचा, उत्तराला वरच्या रक्तदाबाने भागून शंभराने गुणायचे. समजा रक्तदाब १२० आणि ६० आहे व कप्प्यातला दाब १५ आहे, तर उत्तर साडेसदतीस येते आणि सगळे निश्चिंत होतात. तोच रक्तदाब १२० आणि ४५ असेल व कप्प्यातला दाब २५ वर चढला असेल, तर उत्तर सतराच्याही खाली येते. म्हणजे प्रत्येक ठोक्यामागे महारोहिणीतले रक्त कप्प्यात परत येते आहे आणि तो कप्पा तुंबतो आहे. हा आकडा २५ च्या खाली गेला तर पुढची वाटचाल बिकट असण्याची शक्यता वाढते, म्हणून रुग्ण टेबलावर असतानाच उपाय केला जातो. पहिला उपाय म्हणजे झडपेच्या आत फुगा फुगवून जाळी आणखी ताणणे. त्याने बहुतेक वेळा भागते, पण फार जोर लावला तर कड्याला इजा होऊ शकते, त्यामुळे इथे हात राखूनच काम करावे लागते. झडप फार खाली किंवा वर बसली असेल, तर तिच्यात दुसरी झडप योग्य पातळीवर उघडून फट झाकली जाते.

काही गळत्या मात्र नंतर त्रास देऊ लागतात. इकोच्या अहवालात गळती कड्याच्या परिघाच्या किती भागात आहे हे लिहिलेले असते: दहा टक्क्यांपेक्षा कमी म्हणजे सौम्य, तीस टक्के किंवा त्याहून जास्त म्हणजे तीव्र, आणि मधली ती मध्यम. सौम्य गळतीकडे सहसा नियमित इको करत लक्ष ठेवले जाते. मध्यम किंवा तीव्र गळतीने दम लागू लागला, पाय सुजू लागले, तर ती बंद करावी लागते. याखेरीज अरुंद फटीतून वेगाने घुसणारे रक्त तांबड्या पेशी फोडते. मग हिमोग्लोबिन घटते, डोळ्यांत पिवळेपणा येतो, लघवी गडद होते आणि पेशी फुटल्यावर रक्तात सुटणाऱ्या एलडीएच या द्रव्याचा आकडा तपासणीत वर जातो. अशा वेळी गळती आकाराने फार मोठी नसली तरी ती बुजवावी लागते, आणि हे काम पुन्हा कॅथेटरनेच होते. एक बारीक तार नव्या झडपेच्या मधून न नेता जाळी आणि भिंत यांच्यातल्या चंद्रकोरीच्या आकाराच्या फटीतून पार केली जाते. तारेवरून नळी जाते, नळीतून निटिनॉल या लवचीक मिश्रधातूच्या तारांच्या विणीचे छोटे बूच, ज्याला प्लग म्हणतात, बाहेर ढकलले जाते, आणि ते फटीत फुलून अडकते. सोडण्याआधी प्लग केबलला स्क्रूने जोडलेलाच असतो; इकोवर गळती घटली का, नव्या पाकळ्या मोकळ्या हलतात का, हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्यांची तोंडे मोकळी आहेत का, हे पाहूनच केबलचे आटे उलटे फिरवून तो सोडतात. मनासारखे बसले नाही तर त्याच केबलने तो परत ओढून घेता येतो. फट लांबट असल्यास एकाऐवजी दोन प्लग लागतात.

दुसरी मोठी गुंतागुंत विजेची. हृदयाचा ठोका वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांपर्यंत नेणारा तंतूंचा जुडगा, म्हणजे हिस बंडल, महारोहिणीच्या झडपेला अगदी लागून, दोन कप्प्यांमधल्या पातळ पडद्याच्या कडेने जातो. नव्या जाळीचा खालचा भाग तिथे टेकला तर तंतू दबतात, सुजतात, आणि संदेश अडतो. या जुडग्याच्या पुढे उजवी आणि डावी अशा दोन फांद्या होतात; डावी फांदी बंद पडली तर ईसीजीवर बदल दिसतो पण ठोके चालू राहतात. पूर्ण अडथळा आला तर खालचे कप्पे स्वतःच्या मंद गतीने चालतात किंवा थांबतात. कायमचा पेसमेकर किती जणांना लागतो हे बऱ्याच अंशी झडपेच्या जातीवर ठरते. कमी धोक्याच्या रुग्णांवरच्या २०१९ मधल्या चाचण्यांत फुग्याने उघडणाऱ्या झडपेनंतर पहिल्या महिन्यात सुमारे साडेसहा टक्के, तर आपोआप उघडणाऱ्या निटिनॉलच्या झडपेनंतर सुमारे सतरा टक्के रुग्णांना पेसमेकर लागला. त्यानंतर झडप थोडी वर बसवण्याची तंत्रे रूढ झाली आणि हे प्रमाण पुष्कळ ठिकाणी खाली आले. ईसीजीत आधीपासून उजवी फांदी बंद असलेल्या रुग्णांना धोका सर्वांत जास्त, कारण त्यांचा सगळा भार डाव्या फांदीवर असतो आणि नवी जाळी नेमकी तिलाच दाबते. अशा रुग्णाच्या घरच्यांना पेसमेकरची शक्यता आधीच मोकळेपणाने सांगितलेली असावी, असे माझे मत आहे. प्रक्रियेनंतर अचानक कळले की मंडळींना काहीतरी बिनसले असे वाटते.

अडथळा टेबलावरच आला तर आधीपासून घातलेल्या तात्पुरत्या पेसमेकरवर काम भागते, आणि एक-दोन दिवसांत सूज उतरून ठोके पूर्ववत होतात का ते पाहिले जाते. न झाल्यास कायमचा पेसमेकर कॉलरच्या हाडाखाली बसवतात. यातला फसवा भाग म्हणजे उशिरा येणारा अडथळा. विशेषतः आपोआप उघडणारी झडप बसवल्यावरही काही काळ बाहेरच्या दिशेने दाब देत राहते, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठणठणीत घरी गेलेला रुग्ण आठवड्याभरात न्हाणीघरात कोसळू शकतो. ज्यांच्या ईसीजीत प्रक्रियेनंतर नवा बदल दिसतो, त्यांच्या छातीवर दोन ते चार आठवडे ठोक्यांची नोंद करणारे छोटे यंत्र चिकटवून घरी पाठवतात ते यासाठीच. या काळात क्षणभरही डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून साखरपाणी देत न बसता त्याच दिवशी ईसीजी काढलेला बरा.

टेबलावरच्या तातडीच्या गुंतागुंती आता विरळ झाल्या आहेत, त्यामुळे थोडक्यात सांगतो. दाबलेली जुनी पाकळी कोरोनरी धमनीच्या तोंडावर जाऊन बसण्याचे प्रमाण शंभरात एकाहून कमी आहे, पण घडले तर ते प्राणघातक ठरू शकते. धमनीचे तोंड कड्यापासून दहा-बारा मिलिमीटरच्या आत असेल तर सीटीवर ते आधीच दिसते, आणि मग त्या धमनीत तार व स्टेंट तयार ठेवून झडप उघडली जाते, किंवा विजेचा प्रवाह सोडलेल्या तारेने जुनी पाकळी आधीच उभी चिरून ठेवली जाते, म्हणजे ती दाबली गेली तरी चिरेतून रक्त वाहत राहते. कडे फाटणे त्याहून भयंकर. त्यात रक्त हृदयाभोवतीच्या आवरणात साठते, ते सुईने काढावे लागते आणि पुष्कळदा तातडीने छाती उघडावी लागते. जांघेतल्या धमनीच्या इजा मात्र नळ्या बारीक झाल्यापासून खूपच घटल्या आहेत, आणि घडल्या तर फुग्याने किंवा आवरण असलेल्या स्टेंटने तिथल्या तिथे सावरता येतात.

कॅल्शियमचे कण सुटून मेंदूकडे गेले तर पक्षाघात होतो. त्याचे प्रमाण शंभरात साधारण दोन-तीन आहे. हे कण वाटेतच पकडण्यासाठी मेंदूकडे जाणाऱ्या धमन्यांत जाळीच्या पिशव्या बसवणारे उपकरण निघाले, आणि त्या पिशव्यांत खरोखर कण सापडतात. पण ब्रिटनमध्ये साडेसात हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पक्षाघाताचे प्रमाण उपकरण वापरून २.१ टक्के आणि न वापरता २.२ टक्के निघाले. पिशवीत अडकलेले खडे डोळ्यांनी दिसत असूनही फायदा आकड्यांत उतरू नये, याचे आश्चर्य वाटते खरे. पक्षाघाताची लक्षणे दिसली की मेंदूचे स्कॅन करून अडकलेली गाठ यांत्रिकरीत्या काढता येते का, हे तातडीने पाहिले जाते.

नव्या झडपेच्या पाकळ्या गाय किंवा डुकराच्या हृदयाच्या आवरणापासून बनवतात. या पाकळ्यांच्या मुळाशी, जुन्या पाकळ्यांनी आखडून टाकलेल्या कोनाड्यात, रक्त संथ फिरते आणि तिथे गुठळीचा पातळ थर जमू शकतो. २०१५ सालापासून हे सीटीवर बारकाईने पाहिले जाऊ लागले. एरवी कागदासारखी पातळ दिसणारी पाकळी मुळाशी काळपट, जाड चंद्रकोरीसारखी दिसते आणि तिची हालचाल तेवढ्यापुरती मंदावते. एका मोठ्या चाचणीच्या सीटी अभ्यासात महिन्याभराने टाव्हीच्या सुमारे तेरा टक्के आणि शस्त्रक्रियेच्या सुमारे पाच टक्के रुग्णांत असा थर आढळला. यातले बहुतेक काही लक्षणे दाखवत नाहीत आणि काहींचा थर औषधाशिवायही विरघळतो, म्हणून प्रत्येकाचा सीटी काढत सुटण्यात अर्थ नाही. इकोत झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक, जो बसवल्यावर दहाच्या आसपास होता, तो वीस-पंचवीसवर चढला किंवा पुन्हा दम लागू लागला, की मात्र सीटी करावा लागतो. थर सापडला तर रक्त पातळ करणारे वॉरफरिन, किंवा आपल्याकडे जास्त वापरली जाणारी ॲसिट्रोम, काही महिने दिली जाते आणि ठरावीक दिवसांनी आयएनआर, म्हणजे रक्त किती सावकाश गोठते ते दाखवणारा आकडा, तपासून मात्रा सांभाळली जाते. बहुतेकांच्या पाकळ्या पुन्हा मोकळ्या होतात. डिस्चार्जच्या कागदांबरोबर पहिल्या इकोचा अहवाल जपून ठेवावा असे डॉक्टर बजावतात ते याचसाठी, कारण तुलनेला मूळ आकडाच नसेल तर पंचवीस हा वाढलेला आकडा आहे की सुरुवातीचाच, हे कोणी सांगू शकत नाही.

मग सगळ्यांनाच पहिल्यापासून रक्त पातळ होण्याची औषधे का देऊ नयेत? हे करून पाहिले गेले आहे. रिव्हरॉक्सॅबॅन दिलेल्या गटात मृत्यू आणि रक्तस्राव जास्त झाले म्हणून ‘गॅलिलिओ’ चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षीच्या ‘पॉप्युलर टाव्ही’ चाचणीत फक्त ॲस्पिरिन घेणाऱ्यांपैकी सुमारे पंधरा टक्क्यांना रक्तस्राव झाला, तर ॲस्पिरिनला क्लोपिडोग्रेलची जोड दिलेल्यांपैकी सुमारे सत्तावीस टक्क्यांना. तेव्हापासून ठोक्यांची अनियमितता, ताजा स्टेंट असे दुसरे कारण नसेल तर एकट्या ॲस्पिरिनवरच भर आहे. शेजारच्या स्टेंटवाल्या काकांना दोन गोळ्या आहेत आणि आपल्याला एकच का, या प्रश्नाचे उत्तर हे आहे.

जंतुसंसर्ग क्वचित होतो, दरवर्षी शंभरात एखाद्याला, पण झाला तर त्यातले सुमारे एक तृतीयांश रुग्ण रुग्णालयातच दगावतात. जंतूंमध्ये आतड्यात आणि मूत्रमार्गात राहणारा एंटरोकॉकस इथे बऱ्याचदा सापडतो. थंडी वाजून ताप, भूक न लागणे, वजन घटणे ही लक्षणे दिसली की अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्ताचे कल्चर घेणे अत्यावश्यक असते. जवळच्या दवाखान्यात तापावर आधीच गोळ्या दिल्या गेल्या तर कल्चरमध्ये जंतू उगवत नाही आणि निदान हुकते. धातूच्या जाळीमुळे इको धूसर येतो, त्यामुळे पेट-सीटीची मदत घ्यावी लागते. उपचार म्हणजे साधारण सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक, आणि पू भिंतीत शिरला असेल किंवा झडप निकामी झाली असेल तर शस्त्रक्रिया. प्रतिबंध त्या मानाने सोपा आहे: दात-हिरड्या निरोगी ठेवणे, आणि दात काढण्यासारख्या रक्त येणाऱ्या कामाआधी अर्धा ते एक तास ॲमॉक्सिसिलिनचे दोन ग्रॅम घेणे, तेही या औषधाची ॲलर्जी नसल्यास आणि डॉक्टरांनी सांगितल्यावरच.

शेवटी झिजणे. प्राण्याच्या ऊतीची झडप दहा-पंधरा वर्षांत कडक होते किंवा फाटते, आणि तेव्हा तिच्यात दुसरी टाव्ही झडप बसवणे ही पहिली पसंती असते. आता मात्र जुन्या नैसर्गिक पाकळ्यांच्या आत पहिल्या जाळीच्या पाकळ्या आणि त्यांच्या आत दुसरी जाळी, असे तीन थर होतात. पहिल्या झडपेच्या पाकळ्या उभ्या दाबल्या गेल्याने जाळीभोवती अखंड भिंत तयार होते, आणि ती महारोहिणीच्या भिंतीला चिकटून असेल तर कोरोनरी धमन्यांकडे रक्तही जात नाही आणि पुढे कधी स्टेंट घालण्याची वेळ आली तर कॅथेटरही जात नाही. उंच जाळीच्या झडपांत हा प्रश्न जास्त, बुटक्या जाळीच्या झडपांत कमी. दुसरी झडप बसवणे शक्यच नसेल, तर छाती उघडून पहिली काढावी लागते. ती भिंतीत रुतलेली असते, आणि अशा शस्त्रक्रियांत महिन्याभरातले मृत्यू दहा ते पंधरा टक्क्यांच्या घरात आढळले आहेत. अमेरिकेतली २०२० ची मार्गदर्शक तत्त्वे ६५ च्या खालच्या रुग्णांना शस्त्रक्रियेची झडप सुचवतात आणि ८० च्या वर टाव्ही; मधल्या पंधरा वर्षांत निर्णय रुग्ण आणि डॉक्टरांनी मिळून घ्यायचा असतो. त्या बैठकीत पहिल्या झडपेच्या किमतीची आणि रुग्णालयातल्या दिवसांची चौकशी सगळेच करतात. जोडीला आणखी एक प्रश्न विचारावा: पंधरा वर्षांनी ही झडप झिजली, तर आजच्या सीटीनुसार तिच्यात दुसरी बसेल का, आणि कोरोनरी धमन्या मोकळ्या राहतील का? त्याचे उत्तर बऱ्याच अंशी त्याच स्कॅनच्या मोजमापांतून मिळू शकते.